रामटेकचा लोकसभा-मतदारसंघ : त्याची शीव आणि त्याचे प्रतिनिधि

आपल्या संघाच्या एका मासिक बैठकींत कुही भागांतील एका वयोवृद्ध कास्तकारानें असा प्रश्न केला कीं, "आमचा सातबारा कुहीच्या तहसिलींत, आमदार उमरेडचा, आणि खासदार मात्र रामटेकचा. रामटेकचा बाजार आम्हीं उभ्या जन्मांत केला नाहीं. मग हें नातें जोडलें तरी कोणीं?" बैठकींत हंशा पिकला, परंतु समाधानकारक उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, आणि त्या नोकरींत दर निवडणुकीस मतदारयाद्यांचीं कामें अंगावर पडत आलीं. म्हणून हें उत्तर लिहून काढण्याची कामगिरी मंडळींनीं त्याजकडे सोंपविली. लेखक कोणत्याहि पक्षाचा नाहीं. ज्या पक्षांचीं व गृहस्थांचीं नांवें पुढें येतील तीं केवळ इतिहास म्हणून येतील, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

शेतास धुरा असतो, गांवास शीव असते, तशी मतदारसंघासहि सीमा असते. धुऱ्यावरून सख्खे भाऊ मोजणीदार आणवितात आणि दिवाणी कज्जे दहा-दहा वर्षें चालवितात. पण आपलें मत कोणत्या शिवेच्या आंत पडतें हें पाहावयास कोणी जात नाहीं. लोकसभेचा मतदारसंघ थेट गांवें जोडून बनत नाहीं; विधानसभेचे अखंड मतदारसंघ एकत्र बांधून तो केला जातो. महाराष्ट्रांत लोकसभेच्या ४८ व विधानसभेच्या २८८ जागा आहेत, त्यामुळें प्रत्येक लोकसभा-मतदारसंघांत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. आणि विधानसभेचा मतदारसंघ ज्या आदेशानें ठरतो त्याची भाषा पाहाल तर ती आपल्या पटवाऱ्याच्या दप्तरांतीलच भाषा आहे : अमुक तहसील संपूर्ण, तमुक तहसिलींतील अमुक महसूल मंडळ, आणि दुसऱ्या एखाद्या मंडळांतील अमुक क्रमांकांचे साजे. बाजारपेठ कोणती, सोयरीक कोठें, नाल्यास पूर आला म्हणजे रस्ता कोणत्या बाजूस बंद पडतो, यांची नोंद त्या आदेशाच्या शब्दांत सांपडत नाहीं. कुहीच्या कास्तकारास पहिलें उत्तर असें कीं, मुख्यत्वें उमरेड, भिवापूर व कुही या तहसिली मिळून उमरेड विधानसभा-मतदारसंघ झाला, आणि उमरेड हा रामटेकच्या मोळींत बांधला गेला. मोळीस नांव एकाच लांकडाचें द्यावें लागतें, तें रामटेकचें पडलें.

या मोळींतील सहा लांकडें अशीं : काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक. हीं सर्व नागपूर जिल्ह्यांतच आहेत. जिल्ह्याचे एकंदर विधानसभा-मतदारसंघ बारा. त्यांपैकीं शहरांतील सहा नागपूर लोकसभा-मतदारसंघांत गेले आणि बाहेरील सहा रामटेकांत आले. नकाशावर पाहिल्यास शहराची फांक मध्यें आणि रामटेकची साल तिच्या भोंवतीं, असें संत्र्यासारखें चित्र दिसतें. पश्चिमेस काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा, उत्तरेस सावनेरचें कापूस-पट्टीचें रान, ईशान्येस पेंचच्या कालव्याखालील धान आणि रामटेकचे पानमळे, दक्षिणेकडे भिवापुरी मिरची व उमरेडच्या कोळशाच्या खाणी, आणि शहरास अगदीं खेटून कोराडी-खापरखेड्याचीं वीजकेंद्रें व हिंगण्याची कारखानदारी. एवढे निरनिराळे व्यवसाय एका प्रतिनिधीच्या पदरांत घातलेले असे मतदारसंघ विदर्भांत थोडेच असतील. संत्र्यास बांगलादेशांत जकात वाढली तर काटोलचा बागाइतदार दिल्लीकडे पाहतो. मध्यप्रदेशांत चौराईस पेंचवर धरण झालें आणि खालीं तोतलाडोहांत पाणी कमी येऊं लागलें तेव्हां पारशिवनी-मौद्याचा धानकरी दिल्लीकडे पाहतो. गोसीखुर्दच्या पाण्याखालीं कुही-भिवापूरकडील गांवें गेलीं तेव्हां तेथील विस्थापितहि दिल्लीकडेच पाहत राहिला. दुसऱ्या देशाची जकात, दोन राज्यांमधील नदीचें पाणी, राष्ट्रीय प्रकल्पाचा पैसा, हे विषय आमदाराच्या आवांक्याबाहेरचे आहेत. म्हणून लोकसभेची निवडणूक ही दूरची गोष्ट आहे असें समजणाऱ्या कास्तकारांशीं लेखकाचा मतभेद आहे.

आतां थोडें मागें जाऊं. आज मताचा अधिकार आपणांस हवापाण्यासारखा वाटतो. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काळीं तो सातबाऱ्यासारखा, म्हणजे ज्याच्या नांवें कांहीं असेल त्याचाच होता. १९१९ च्या व पुढें १९३५ च्या कायद्यान्वयें मतदाराची पात्रता मुख्यतः शेतसारा, लगान, कर अथवा शिक्षण यांवर ठरे. १९३५ च्या कायद्यानें ती पुष्कळ रुंदावली, तरीसुद्धां ब्रिटिश हिंदुस्थानांतील दर शंभर माणसांत पंधरांसहि मत नव्हतें. १९३७ सालीं त्या कायद्याखालीं प्रांतिक निवडणुका झाल्या, काँग्रेसला बहुमत मिळालें आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. पुढील वर्षीं त्यांना पायउतार व्हावें लागून पंडित रविशंकर शुक्ल आले. त्या निवडणुकींत गांवचा मालगुजार मत देई आणि मोठा रयतहि मत देई, पण त्याच वावरांत राबणारा सालदार कुंपणाबाहेर उभा राही.

ही स्थिति एकाच वर्षांत दोन बाजूंनीं पालटली, आणि महसूल खात्यांतील माणसास हा योग फार मोठा वाटतो. मालकीहक्क नष्ट करण्याच्या १९५० च्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली व गांवांवरील मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली, ती १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास तींत मत होतें. म्हणजे मालगुजाराची सनद आणि सालदाराची मूकवृत्ति या दोन्ही एकाच सालीं गेल्या. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व तिजवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे. मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची. याद्या करतांना एक नवलाची अडचण आली. पुष्कळ ठिकाणीं बायका आपलें नांव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच लिहून देत. मुख्य निवडणूक-आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशीं नांवें स्वीकारण्याचें नाकारल्यामुळें देशांत सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळालीं. सातबाऱ्यावर बाईचें नांव लावतांना आजहि गांवांत जी चालढकल दिसते, ती याच कुळींतली होय.

पहिल्या निवडणुकीच्या वेळीं नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. नागपूरच्या जागेवर अनसूयाबाई काळे १९५२ सालीं व पुन्हां १९५७ सालीं निवडून आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि रामटेक हें नांव लोकसभेच्या यादींत १९५७ च्या निवडणुकीपासून दिसूं लागलें. त्या सालीं कृष्णराव गुलाबराव देशमुख, १९६२ सालीं माधवराव भगवंतराव पाटील, १९६७ व १९७१ सालीं अमृत गणपत सोनार, हे सर्व काँग्रेसतर्फे निवडून आले. या काळांत शहर आणि खेडीं यांची चाल निराळी पडली. स्वतंत्र विदर्भाची शिफारस फाजल अली आयोगानें १९५५ मध्येंच केली होती; ती फेटाळली गेल्याचा राग नागपूर शहरानें १९६२ सालीं लोकनायक बापूजी अणे यांना आणि १९७१ सालीं जांबुवंतराव धोटे यांना निवडून देऊन व्यक्त केला. रामटेकची खेडीं काँग्रेसच्या दावणीस बांधलेलीं राहिलीं, आणि विदर्भवादाचा वारा तेथें पोहोंचला तो १९७४ च्या पोटनिवडणुकींत, जेव्हां राम हेडाऊ विजयी झाले. तेवढ्या एका झुळकीनंतर पुन्हां पूर्वस्थिति. १९७७ सालीं देशभर काँग्रेसची पडझड झाली, तरी रामटेकनें त्याच पक्षाच्या जतिराम बर्वे यांना पाठविलें, व १९८० सालींहि त्यांनाच.

आतां ज्या प्रकरणामुळें रामटेकचें नांव सर्व देशाच्या तोंडीं झालें, तें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे.

१९८४ च्या डिसेंबरांत निवडणूक झाली तेव्हां इंदिरा गांधींच्या हत्येस दोन महिनेहि उलटले नव्हते. पामुलपर्ति वेंकट नरसिंह राव हे केंद्रांत गृहमंत्री होते. त्यांचा मूळ मतदारसंघ आंध्रांतील हनमकोंडा. परंतु आंध्रांत त्या काळीं तेलुगु देसमचा जोर असल्यामुळें त्यांनीं तेथें व रामटेक येथें असे दोन अर्ज भरले. त्या वेळीं एका माणसानें कितीहि ठिकाणीं उभें राहण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. दोहोंची मर्यादा १९९६ मध्यें आली. आमच्याकडे कित्येकांस असा प्रश्न पडला, व अजूनहि पडतो, कीं परप्रांताचा मनुष्य येथून उभा राहूंच कसा शकतो? ग्रामपंचायतीस उभें राहावयाचें तर त्याच पंचायतीच्या यादींत नांव लागतें, म्हणून ही शंका साहजिक आहे. लोकसभेचा नियम तसा नाहीं. सर्वसाधारण जागेसाठीं देशांतील कोणत्याहि मतदारसंघाच्या यादींत नांव असलें कीं पुरे.

हनमकोंड्यास राव पडले. भारतीय जनता पक्षाला त्या सालीं सर्व देशांत अवघ्या २ जागा मिळाल्या, आणि त्या दोहोंतील एक म्हणजे चेंदुपटला जंगा रेड्डी यांनीं जिंकलेली हीच हनमकोंड्याची जागा. स्वतःच्या मुलखानें नाकारलेल्या या गृहस्थांस रामटेकच्या कास्तकारांनीं लोकसभेंत बसविलें. लेखक त्या वेळीं सतरा वर्षांचा, मत नसलेला पोर होता. पण बाजाराच्या दिवशीं झालेली एक सभा त्यास चांगली स्मरते. आंध्रचा पुढारी आहे, हिंदींत कांहींतरी बोलेल व जाईल, अशा अपेक्षेनें लोक जमले होते. राव यांनीं मराठींत आरंभ केला आणि शेवटपर्यंत मराठी सोडली नाहीं. मागें बैलगाडीच्या जुवावर बसलेले एक म्हातारे पाटील म्हणाले, "याच्यापेक्षां आपल्या तहसीलदाराची मराठी वाईट आहे." त्यांत नवल नव्हतें. राव यांचें कायद्याचें शिक्षण नागपूर विश्वविद्यालयाचें, आणि हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूंत आणणारे तेच. जमीनदार वाचकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आंध्रांत ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या कारकीर्दींत पुढें रेटला गेला, तेच हे राव. या एका कारणासाठीं त्यांच्या विरुद्ध मत द्यावें असें म्हणणारे बडे कास्तकार आमच्या भागांतहि होते. मतपेटी उघडली तेव्हां त्यांची संख्या थोडी निघाली.

१९८९ सालीं रामटेकनें त्यांना पुन्हां निवडलें. ती निवडणूक लेखकाच्या नोकरींतील पहिलीच. ६१ व्या घटनादुरुस्तीनें मताचें वय एकवीसावरून अठरावर आलें होतें, आणि नवीन पोरांचीं नांवें यादींत चढवितां चढवितां आम्हां कारकुनांचीं बोटें सुजलीं होतीं. शाळेचा दाखला नसलेल्या मुलाचें वय ठरवावयास आम्ही कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडीत असूं. अमक्या सालच्या पुरांत जन्मला, एवढ्याच पुराव्यावर आई हटून बसे, आणि पुष्कळदां ती नोंदवहीपेक्षां खरी ठरे.

राव यांच्या कारकीर्दीनें मतदारसंघास काय दिलें, याचा हिशेब लोक निरनिराळा मांडतात. ते रामटेकचे प्रतिनिधि असतांना संरक्षण, मनुष्यबळविकास, परराष्ट्र अशीं मोठीं खातीं त्यांजकडे फिरत राहिलीं, त्यामुळें मतदारसंघांत त्यांचें दर्शन दुर्मिळ होतें ही तक्रार खरी आहे. पण मनुष्यबळविकास-मंत्री या नात्यानें १९८६ चें राष्ट्रीय शिक्षणधोरण व नवोदय विद्यालयांची योजना त्यांच्या हातून पुढें गेली. या विद्यालयांतील पाऊणांशापेक्षां कमी नव्हेत इतक्या जागा ग्रामीण मुलांसाठीं असतात, आणि आपल्या जिल्ह्याचें नवोदय पारशिवनी तहसिलींत नवेगांव खैरी येथें, पेंचच्या धरणाजवळ, आहे. तेथून शिकून निघालेलीं शेतकऱ्यांचीं मुलें लेखकानें पाहिलीं आहेत. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणीहि राजीव गांधींच्या हस्ते १९८८ च्या एप्रिलांत, म्हणजे याच काळांत झाली. मात्र त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळावयास २००९ साल उजाडलें, आणि मधल्या वीस वर्षांत ज्यांचीं घरें उठलीं त्यांना कोणाच्या दर्शनाचें सुख नव्हतें.

१९९१ सालीं राव उभेच राहिले नाहींत. राजकारणांतून निवृत्त होण्याची त्यांची तयारी चाललेली होती. २१ मे रोजीं राजीव गांधींची हत्या झाली, आणि बरोबर एक महिन्यानें, २१ जून १९९१ रोजीं, राव पंतप्रधान झाले. त्या घटकेस ते कोणत्याच सभागृहाचे सभासद नव्हते. नोव्हेंबरांत आंध्रांतील नंद्याल येथून पोटनिवडणुकींत ते लोकसभेंत आले. रामटेकची जागा त्यांनीं आणखी एकदां लढविली असती तर ती पंतप्रधानाची जागा झाली असती. आमचे लोक अजून ही हळहळ काढतात. धरण फुटून गेल्यावर पाण्याचे हिशेब करावे तसा तो प्रकार आहे.

राव यांच्या पश्चात् १९९१ सालीं नागपूरच्या भोसले घराण्यांतील तेजसिंहराव, १९९६ सालीं दत्ता मेघे व १९९८ सालीं राणी चित्रलेखा भोसले असे तिघे काँग्रेसतर्फेच आले. १९९६, १९९८ व १९९९ अशा लागोपाठ तीन निवडणुका झाल्या. याद्यांची शाई वाळत नव्हती तों नवा हुकूम येई. १९९९ सालीं शिवसेनेचे सुबोध मोहिते निवडून आले. येथील सार्वत्रिक निवडणुकींत काँग्रेसेतर उमेदवार विजयी होण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००४ सालीं मोहिते पुन्हां आले. पुढें पक्ष सोडून त्यांनीं राजीनामा दिला व २००७ च्या पोटनिवडणुकींत काँग्रेसतर्फे ते उभे राहिले. त्या वेळीं शिवसेनेच्या प्रकाश जाधवांनीं त्यांस पराभूत केलें. तीन वर्षांपूर्वीं ज्या माणसास निवडलें त्यालाच, चिन्ह बदलतांच, मतदारांनीं घरीं बसविलें. परप्रांतींचा माणूस ज्यांनीं आनंदानें स्वीकारला, त्यांनीं घरच्या माणसाचा हा पालट खपवून घेतला नाहीं.

यानंतर शिवेचा प्रश्न आला. मतदारसंघांची रचना करणारा परिसीमन आयोग १९५२, १९६३, १९७३ व २००२ असा चार वेळां नेमला गेला. लोकसभेंतील जागांचें राज्यनिहाय वांटप १९७६ च्या घटनादुरुस्तीनें १९७१ च्या जनगणनेवर गोठविलें गेलें होतें, म्हणून २००२ च्या, न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगास महाराष्ट्राच्या ४८ जागा वाढवितां येत नव्हत्या. त्याच ४८ जागा २००१ च्या जनगणनेप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत नव्यानें आंखावयाच्या होत्या. राज्याची लोकसंख्या सुमारें ९ कोटि ६९ लक्ष. तिला ४८ नीं भागिलें तर प्रत्येक जागेच्या वांट्यास सुमारें २० लक्ष माणसें येतात. वडिलार्जित जमिनीची सरसनिरस वांटणी करावी तसें हें काम. परंतु येथें वांटणी जमिनीची होत नसून डोक्यांची होते. जेथें डोकीं दाट, तेथें तुकडा लहान. जेथें वस्ती विरळ, तेथें तुकडा लांबरुंद. मुंबई-ठाणें-पुण्याकडे लोकसंख्या फुगली, तिकडे जागा वाढल्या. विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ होत्या त्या ६२ झाल्या. लोकसभेच्या ११ होत्या त्या १० उरल्या. त्याच वेळीं नागपूर शहरांत मात्र दक्षिण-पश्चिम हा एक मतदारसंघ नवीन निर्माण झाला. खेड्यांकडे कळमेश्वर हें मतदारसंघाचें नांवच पुसलें जाऊन तो भाग सावनेरकडे गेला, आणि शहरालगतचा हिंगणा पुढें आला. हा आदेश १९ फेब्रुवारी २००८ पासून अमलांत आला.

या कामीं कायद्यानें लोकांस बोलावयाची संधि ठेविलेली असते. प्रस्ताव राजपत्रांत व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर बैठका घ्याव्या लागतात. आयोगास साहाय्य करण्यास प्रत्येक राज्यांतून पांच खासदार व पांच आमदार बसतात, पण त्यांस मत नसतें. आदेश एकदां प्रसिद्ध झाला म्हणजे त्याविरुद्ध न्यायालयांत जाण्यास घटनेच्या ३२९ व्या कलमानें फारसा वाव ठेविलेला नाहीं. म्हणजे धुऱ्यावरील खुंटा ठोकण्यापूर्वींच जें बोलावयाचें तें बोलावें लागतें. लेखक त्या काळीं ज्या कचेरींत होता तेथें प्रस्तावाची प्रत नोटिसांच्या फळीवर डकविलेली होती. तिच्या शेजारींच दुष्काळी मदतीची यादी होती. त्या यादीपुढें सकाळपासून झुंबड असे. प्रस्तावाच्या प्रतीपुढें थांबून ती वाचणारे दोन गृहस्थ लेखकानें पाहिले. त्यांपैकीं एक निवृत्त शिक्षक होते. दुसरे एक कास्तकार, त्यांनीं आपला साजा क्रमांक शोधून काढला, तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतला आणि विचारलें, "हरकत कोणाकडे द्यायची, बाबू?" टेबलावरील वरिष्ठांस तें सांगतां आलें नाहीं, आणि लेखकासहि त्या दिवशीं माहीत नव्हतें. ही लाज लेखकाच्या मनांतून गेलेली नाहीं.

याच आदेशानें रामटेकची जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव झाली. यासंबंधीं आपल्या मंडळींत फार गैरसमज असल्यामुळें स्पष्ट लिहितों. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो. मत मात्र सर्वांचेंच असतें. मत कमी झालें, असें म्हणणारा बागाइतदार स्वतःची फसवणूक करून घेतो. कोणती जागा राखावयाची तें आयोग दोन गोष्टी पाहून ठरवितो : त्या भागांत अनुसूचित जातींच्या वस्तीचें प्रमाण तुलनेनें अधिक असावें, आणि राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेल्या असाव्यात. २००८ पूर्वीं महाराष्ट्रांत अशा जागा तीन होत्या : बुलढाणा, उस्मानाबाद व पंढरपूर. नंतर पांच झाल्या : रामटेक, अमरावती, शिर्डी, लातूर व सोलापूर. बुलढाणा खुलें झालें, तेव्हां तेथून पूर्वीं निवडून गेलेले मुकुल वासनिक २००९ सालीं रामटेकास आले. त्यांनीं शिवसेनेच्या कृपाल तुमाने यांचा १६,७०१ मतांनीं पराभव केला व ते केंद्रांत मंत्री झाले. २०१४ सालीं तुमाने यांनीं त्याची फेड १,७५,७९१ मतांनीं केली, आणि २०१९ सालीं काँग्रेसच्या किशोर गजभिये यांचा १,२६,७८३ मतांनीं पराभव करून ते पुन्हां आले.

२०२४ ची निवडणूक कागदपत्रांच्या दृष्टीनें बोधप्रद झाली. काँग्रेसच्या उमेदवार रश्मि बर्वे, पूर्वीं नागपूर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षा, यांचें जातवैधता-प्रमाणपत्र अर्जांच्या छाननीच्या तोंडावर जात-पडताळणी समितीनें रद्द केलें, व त्यामुळें त्यांचा अर्ज बाद ठरला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पति श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरून ठेविलेला होता. तोच पक्षाचा अर्ज ठरला. दुसऱ्या बाजूस विद्यमान खासदार तुमाने यांस डावलून उमरेडचे आमदार राजू पारवे यांना, ते काँग्रेस सोडून आल्यावर, शिवसेनेनें उभें केलें. १९ एप्रिल रोजीं मतदान झालें व ४ जून रोजीं श्यामकुमार बर्वे ७६,७६८ मतांनीं विजयी झाले. पुढें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें पडताळणी समितीचा तो निर्णय रद्द केला, पण तोंवर निवडणूक होऊन गेलेली होती. फेरफाराची नोंद चुकीची पडली तर अपील करून ती दुरुस्त होते. निवडणुकीचा दिवस अपिलासाठीं थांबत नाहीं. २००७ सालीं मोहिते यांचें जें झालें तें मनांत ठेवून पारवे यांच्या निकालाकडे पाहिलें, तर या मतदारांची एक खोड ओळखतां येते, एवढें लेखकाचें मत आहे.

त्या वेळीं रामटेकच्या यादींत साडेवीस लक्षांच्या आसपास मतदार होते, आणि नागपूर शहराच्या यादींत बावीस लक्षांहून अधिक. रामटेकांत सुमारें ६१ टक्के लोकांनीं मत दिलें. शहरांत सुमारें ५४ टक्क्यांनीं. उन्हाळवाहीचे दिवस असतांना, चार-चार मैल ट्रॅक्टरांत बसून येऊन, खेड्यांनीं शहरास मागें टाकलें. पण हा आनंद पुरतेपणीं भोगण्यासारखा नाहीं. रामटेकचें म्हणून जें मत मोजलें जातें त्यांतील वाढता वांटा हिंगणा, वाडी, कामठीकडील, शहरास चिकटलेल्या वसाहतींचा आहे. पेंचच्या धरणांतून शहरास पिण्याचें पाणी जातें व त्याच धरणावर कालव्याखालचें धान उभें असतें. टंचाईच्या वर्षीं पहिलें पाणी कोणास, हा प्रश्न निघाला म्हणजे या वसाहतींतील मतदार शहराच्या बाजूनें बोलेल कीं पारशिवनीच्या, हें सांगावयास ज्योतिषी नको. पुढील फेररचनेंत अशा वसाहती शहराच्या तुकड्यांत घातल्या जातात, कीं रामटेकांत राहून खेड्यांचें वजन कमी करतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. जागा गोठविण्याची मुदत ८४ व्या घटनादुरुस्तीनें २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली होती, आणि जून २०२५ मध्यें सरकारनें जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर केली.

म्हणून ज्याला जें करतां येईल तें असें. आपल्या गांवचा साजा क्रमांक व महसूल मंडळ पटवाऱ्याकडून लिहून घ्यावें. प्रस्ताव निघेल तेव्हां शोधावयास तेंच लागतें. मतदारयादींत नवीन नांवासाठीं नमुना ६, चुकीचें वा मृताचें नांव काढण्यासाठीं नमुना ७, दुरुस्ती अथवा स्थलांतर यांसाठीं नमुना ८ द्यावा लागतो. पूर्वीं अठरा वर्षें पूर्ण झाल्याचा दिवस केवळ १ जानेवारी धरीत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिवस धरले जाऊं लागले. त्यामुळें श्रावणांत अठरा वर्षांची झालेली मुलगी आतां पुढील जानेवारीपर्यंत थांबत नाहीं. सासरीं गेलेल्या मुलींचीं नांवें माहेरच्या यादींत वर्षानुवर्षें पडून राहतात व सासरच्या यादींत चढत नाहींत, हा दोष लेखकानें जितक्या गांवांच्या याद्या पाहिल्या तितक्या बहुतेक गांवांत आढळला. कुहीच्या त्या वयोवृद्ध कास्तकारांनीं हा मजकूर छापण्यापूर्वीं वाचून घेतला, आणि त्यांच्या दोन सुनांचे नमुना ८ चे अर्ज लेखकाच्याच हातून भरवून घेतले.